गिलगिट-बाल्टिस्तान नक्की कुणाच्या दप्तरी आहे?

निमतानदार (रवि, रात्री ९.४०)

मंडळी, सप्टेंबरात लेक-जावयाच्या कृपेने लडाख पाहून झालं. खारदुंगला लागलेली धाप आणि पँगाँगचा निळा रंग यावर इथं ढीगभर धागे आहेत, तेव्हा ते सोडतो. लिहायचंय ते तुर्तुकबद्दल. खरं म्हणजे तुर्तुकहून जो मुलूख नुसता दिसतो आणि जिथं जाता येत नाही, त्याबद्दल.

तुर्तुक हे श्योक नदीकाठचं बाल्टी लोकांचं गाव. डिसेंबर १९७१ मध्ये मेजर चेवांग रिंचेन यांच्या लडाख स्काउट्सनी तुर्तुक, त्याक्षी, चालुंका आणि थांग ही चार गावं घेतली. तोवर ती पाकिस्तानच्या ताब्यात होती. पर्यटकांना २०१० पासून जाता येतं. आम्ही एका घरी दोन रात्री राहिलो. पहिल्याच संध्याकाळी खोलीचा उंबरा दिसला नाही आणि सणसणीत ठेच लागली. अंगठ्याचं नख अजून काळं आहे. घरमालक आजोबा ऐंशीच्या आतबाहेरचे. त्यांनी नांगचुंग दाखवलं. दगड रचून केलेली बुटकी खोली, खालच्या फटींतून गारेगार वारा येतो, आत लोणी आणि मांस ठेवलेलं. मग शेताकडे नेलं. मी भूमी अभिलेख खात्यात एकतीस वर्षं साखळी ओढली, त्यामुळे माझी नजर बांधाकडेच जायची. एकेक वाफा सतरंजीएवढा, पण पाट बघत राहावेत असे. ओढ्याचं पाणी दगडी पाटांनी अख्ख्या गावात फिरवलेलं, आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली. पाळी चुकली की भांडण. ते ऐकून अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

निघायच्या आदल्या रात्री आजोबांनी पत्र्याच्या ट्रंकेतून एक घडीचा कागद काढला, मी जमिनीच्या खात्यातला म्हणून. उर्दूत, तेही शिकस्ता वळणाचं, म्हणजे घाईच्या, मोडक्या अक्षरातलं. मला शिक्का आणि रकाने सोडून काही कळेना. मजकूर त्यांनाही लागत नव्हता, पण मथळा पाठ होता: 'तहसील स्कर्दू, वजारत लडाख'. मला म्हणाले, "हम तो कहीं नहीं गए साहब, तहसील चली गई." कागदाचा फोटो आणलाय. कुणाला शिकस्ता वाचता येत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

तो मथळा डोक्यात बसला आणि परत आल्यावर जे हाताला लागेल ते वाचत सुटलो. डोगरा राजवटीत, म्हणजे जम्मू-काश्मीरच्या महाराजांच्या काळात, लडाख वजारतीला (वजिराच्या हाताखालच्या जिल्ह्याला) लेह, कारगिल आणि स्कर्दू अशा तीन तहसिली होत्या. वजीर उन्हाळ्यात लेहला बसायचा आणि हिवाळ्यात स्कर्दूला, म्हणजे आपल्या मुंबई-नागपूर अधिवेशनासारखंच की. आज त्या दोन गावांमध्ये फोनसुद्धा सरळ लागत नाही.

पाकव्याप्त काश्मीर म्हटलं की आपल्याला मुझफ्फराबाद आठवतं. पण तो भाग जेमतेम १३ हजार चौरस किलोमीटरचा. त्याच्या उत्तरेला गिलगिट-बाल्टिस्तान आहे, सुमारे ७३ हजार चौरस किलोमीटर, मराठवाड्यापेक्षाही मोठा. लोकवस्ती मात्र २०१७ च्या जनगणनेत १५ लाखांच्या आत. लागवडीखालची जमीन शंभरातला एखाद-दुसरा हिस्सा. बाकी दगड आणि बर्फ.

हा मुलूख तिकडे गेला कसा? इंग्रजांनी रशियाच्या धास्तीने १९३५ मध्ये महाराजाकडून गिलगिट साठ वर्षांच्या पट्ट्याने घेतलं होतं. पट्टा बाराच वर्षं चालला. १ ऑगस्ट १९४७ ला गिलगिट परत महाराजाला मिळालं आणि ब्रिगेडियर घन्सारा सिंह गव्हर्नर म्हणून रुजू झाले. हाताखाली सगळे गिलगिट स्काउट्स (स्थानिक निमलष्करी दल), आणि त्यांचा कमांडर मेजर विल्यम ब्राउन हा इंग्रज. ३१ ऑक्टोबरच्या रात्री स्काउट्सनी बंगल्याला वेढा घातला, दुसऱ्या दिवशी गव्हर्नर कैदेत. तिथं हंगामी सरकार स्थापन झालं, ते सोळा दिवस टिकलं. मग पाकिस्तानने पाठवलेला पोलिटिकल एजंट आला आणि कारभार त्याच्या हाती गेला. स्कर्दूचा किल्ला महाराजाच्या सैन्यातल्या लेफ्टनंट कर्नल शेर जंग थापा यांनी फेब्रुवारीपासून ऑगस्ट १९४८ पर्यंत लढवला. रसद संपली तेव्हा शरण जावं लागलं.

आता माझ्यातल्या कारकुनाला सगळ्यात टोचलेली गोष्ट. २८ एप्रिल १९४९ ला कराचीत एक करार झाला. त्याने या भागाचा कारभार पाकिस्तान सरकारकडे गेला. सह्या कुणाच्या? पाकिस्तानचा एक मंत्री, 'आझाद काश्मीर'चा अध्यक्ष आणि मुस्लिम कॉन्फरन्सचा पुढारी. ज्यांचा मुलूख त्यांच्यापैकी एकाचीही सही नाही. अहो, अर्ध्या गुंठ्याच्या फेरफारालासुद्धा हितसंबंधितांना नोटीस काढावी लागते!

सह्यकडा (रवि, रात्री १०.१५)

काका, मस्त लिहिलंय. भूगोलाची थोडी भर घालतो.

गिलगिटच्या खाली जगलोटजवळ गिलगिट नदी सिंधूला मिळते. तिथं हिमालय, कराकोरम आणि हिंदुकुश या तिन्ही रांगा भेटतात. जगात आठ हजार मीटरवरची शिखरं चौदा, त्यांतली पाच या भागात: के-टू (८६११), नंगा पर्बत (८१२६), गाशेरब्रुमची दोन आणि ब्रॉड पीक. नंगा पर्बत हिमालयाच्या पश्चिम टोकाला एकटाच उभा आहे, बाकीची चार कराकोरममध्ये एकमेकांना खेटून.

एक गैरसमज नेहमी दिसतो, की एवढा बर्फ म्हणजे भरपूर पाऊस असणार. खोऱ्यांत पाऊस जवळपास नाहीच. मान्सून दक्षिणेच्या डोंगरांवरच संपतो आणि ही खोरी पर्जन्यछायेत येतात. माण-खटावचा माणूस तिथं गेला तर 'आमच्याकडे बरा पडतो' म्हणेल. पाणी येतं ते वरून, वितळलेल्या बर्फाचं. तेही ऊन चांगलं तापल्यावर. त्यामुळे तिकडचा शेतकरी ढगाकडे डोळे लावून बसत नाही, ऊन पडायची वाट बघतो. तुम्हाला दिसलेले पाट हीच तिथली खरी पायाभूत सुविधा. पाट जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंत पॉप्लर आणि जर्दाळू, त्याच्या एक वीत वर नुसता मुरूम. फोटोंत ती हिरवी रेघ पट्टीने आखल्यासारखी दिसते.

अबोली (रवि, रात्री १०.५०)

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न: पाकिस्तानच्या लेखी हा त्यांचा प्रांत आहे की नाही? टीव्हीवर तर मुख्यमंत्री वगैरे दाखवतात.

निमतानदार (रवि, रात्री ११.३०)

अबोलीताई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही, त्यांच्या सुप्रीम कोर्टालाही पुरून उरलाय.

पाकिस्तानच्या राज्यघटनेच्या पहिल्या कलमात देशाचे भाग मोजलेत, त्यात गिलगिट-बाल्टिस्तान नाही. बरीच वर्षं याला नावच नव्हतं. 'नॉर्दर्न एरियाज', म्हणजे 'उत्तरेकडचे भाग'. दप्तरात 'गावठाणालगतची जागा' लिहावं तसं. १९७० च्या दशकापर्यंत तर सरहद्दीवरच्या टोळ्यांसाठी इंग्रजांनी केलेला एफसीआर हा कायदा इथं चालू होता: वकील नाही, अपील नाही. हुंझाची, म्हणजे इथल्या एका संस्थानाची, मीरशाही १९७४ मध्ये भुट्टोंनी संपवली. आत्ताचं नाव मिळालं २००९ मध्ये, एका सरकारी आदेशाने. विधानसभाही त्यानेच आली. ३३ जागा, त्यांतल्या २४ थेट निवडून येतात. मुख्यमंत्री आहे, राज्यपाल आहे. २०१८ मध्ये तो आदेश बदलून दुसरा आला. म्हणजे सगळा डोलारा आदेशावर उभा, घटनेवर नाही. इस्लामाबादला वाटलं तर बदलतो.

पाकिस्तानी ओळखपत्र मिळतं, पासपोर्ट मिळतो, सैन्यात भरती होते. पण त्यांच्या संसदेत, ना खालच्या सभागृहात ना वरच्या, या भागाचा एकही सदस्य नाही. सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये सांगितलं की हे लोक नागरिक आहेत, त्यांना मूलभूत हक्क द्या. त्याच कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं की सार्वमत होईपर्यंत या भागाचा घटनात्मक दर्जा बदलता येणार नाही. १ नोव्हेंबर २०२० ला इम्रान खान यांनी गिलगिटला जाऊन 'तात्पुरत्या प्रांता'ची घोषणा केली, मार्च २०२१ मध्ये तिथल्या विधानसभेने एकमताने ठरावही केला. पुढे काही नाही.

कारण सरळ आहे. हा भाग काश्मीर वादाचाच हिस्सा आहे असं पाकिस्तान १९४८ पासून जगाला सांगत आलंय. सार्वमत झालं तर ही मतं आपल्या पारड्यात पडतील हा हिशोब. प्रांत केला तर तो दावा स्वतःच्या हाताने मोडतो, आणि मग ५ ऑगस्ट २०१९ ला भारताने ३७० कलमाचं केलं त्यावर कुठल्या तोंडाने बोलणार? म्हणून चालू आहे हे असं, ना घर का ना घाट का.

भगवा_वारा (सोम, सकाळी ८.०५)

एवढं पाल्हाळ कशाला? पूर्ण जम्मू-काश्मीर भारताचं आहे. २२ फेब्रुवारी १९९४ चा संसदेचा ठराव वाचा. तिथली जनता पाकिस्तानला कंटाळलीय, भारतात यायला एका पायावर तयार आहे. रोज व्हिडिओ येतात.

पावशेर (सोम, सकाळी ९.२०)

ठरावाबद्दल वाद नाहीच. त्यापुढचंही सांगतो: नोव्हेंबर २०१९ च्या सरकारी नकाशात गिलगिट, चिलास हे सगळं लडाखच्या लेह जिल्ह्यात दाखवलंय. कागदावर लेह हा देशातल्या सगळ्यात मोठ्या जिल्ह्यांपैकी एक असावा.

पण 'एका पायावर तयार' हे कुठून काढलंत? तिथं १ नोव्हेंबर हा स्वातंत्र्यदिन म्हणून साजरा होतो, महाराजाच्या राजवटीतून सुटल्याचा. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर आपल्याशी लढलेली नॉर्दर्न लाइट इन्फंट्री याच भागातल्या पोरांची. त्यांचे मृतदेह घ्यायला त्यांच्या सरकारने आधी नकार दिला आणि आपल्या सैन्याने त्यांना रीतसर दफन केलं, हाही इतिहास. त्या व्हिडिओंतली माणसं काय म्हणतात ते नीट ऐका. 'आम्ही स्वतःहून आलो, मग आम्हाला पूर्ण का घेत नाही?' ही तक्रार आहे. आपल्याकडे त्यातला पहिला अर्धा कापून फॉरवर्ड होतो.

भगवा_वारा (सोम, सकाळी ९.४१)

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक (सोम, सकाळी १०.००)

वैयक्तिक शेरेबाजी असलेले दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. चर्चा विषयावर ठेवावी.

पावशेर (सोम, दुपारी १.१५)

डबा खाऊन झाला, आता माझ्या आवडीचं, म्हणजे पैशाचं लिहितो.

प्रांत नसल्यामुळे तिकडच्या वित्त आयोगाच्या वाटपात या भागाला हिस्सा नाही. इस्लामाबाद अनुदान देईल ते खरं. स्वतःचं उत्पन्न किरकोळ. धान्य पुरेसं पिकत नाही, म्हणून भुट्टोंच्या काळापासून गहू सवलतीत येतो, आणि हा गहू म्हणजे तिथलं सगळं राजकारण. शिया, सुन्नी, इस्मायली, नूरबख्शी असे पंथ. १९८८ मध्ये गिलगिटमध्ये पंथावरून भयानक कत्तल झालेली. एरवी एका चौकात उभे राहणार नाहीत. पण २०१४ मध्ये गव्हाची सवलत कापायला घेतली तेव्हा सगळे एका मांडवाखाली बसले. अवामी अ‍ॅक्शन कमिटी त्यातूनच पुढे आली. २०२३ च्या अखेरीला किलोमागे २० चे ३६ रुपये केले, तर ऐन थंडीत स्कर्दू आणि गिलगिटला हजारो माणसं आठवडेच्या आठवडे रस्त्यावर बसली. सरकारला दर मागे घ्यावा लागला.

कराचं तेच. २०१७ च्या डिसेंबरात बाजार बंद करून लोक म्हणाले, संसदेत जागा नाही तर कर नाही. कर मागे घ्यावा लागला. चीनच्या सीमेजवळच्या सोस्तला चिनी मालाची जकात वसूल होते, खुंजेराब खिंडीतून (४६९३ मीटर) ट्रक उतरतात, पण तो पैसा जातो केंद्राकडे. २०२५ मध्ये तिथले व्यापारी याच मुद्द्यावर रस्ता अडवून बसले होते.

सगळ्यात कडू म्हणजे वीज. सिंधू अख्खा बाल्टिस्तान आणि दियामेर कापत जाते. चिलासच्या खाली दियामेर-भाषा धरणाचं काम चालू आहे: २७२ मीटर उंच, ४५०० मेगावॅट. पाणी साठणार ते बहुतेक सगळं गिलगिट-बाल्टिस्तानच्या जमिनीवर. चिलासजवळच्या खडकांवरची हजारो प्राचीन चित्रं आणि ब्राह्मी-खरोष्ठी लेख त्याखाली जाणार. पण जलविद्युत नफ्याचा हिस्सा घटनेनुसार 'प्रांता'ला मिळतो, आणि हा प्रांत नाही! धरणाच्या दुसऱ्या काठावरचा खैबर पख्तुनख्वा मात्र प्रांत आहे. चिलासच्या धरणग्रस्तांची २०२५ मधली घोषणाच होती, 'हुकूक दो, डॅम बनाओ'. कोयनेवाल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. आणि हा भाग पाकिस्तानच्या राष्ट्रीय ग्रीडला जोडलेलाच नाही. छोट्या ओढ्यांवरची वीजघरं हिवाळ्यात पाणी गोठलं की बसतात.

शारजाकर (सोम, रात्री ८.३०)

पावशेर यांच्या शेवटच्या मुद्द्याला साक्ष देतो. माझ्या साइटवर स्कर्दूकडचा एक फोरमन होता, सहा वर्षं बरोबर काढली. डिसेंबर-जानेवारीत त्याचा घरी फोन लागायचा तो दिवसातल्या ठरावीक तासातच, वीज यायची तेवढ्या वेळात. आम्ही सगळे त्याच्या त्या वेळेला चहा लांबवायचो. के-टूच्या मोहिमांवर तो हमाल म्हणून पंचवीस किलो वाहून बाल्टोरो हिमनदीवरून गेलेला. गोऱ्यांची नावं पुस्तकात, आमची पावतीवर, असं म्हणायचा. गिर्यारोहक अली सदपारा २०२१ च्या हिवाळ्यात के-टूवर मरण पावला तेव्हा हा दोन दिवस जेवला नाही. सदपारा म्हणजे याच्या शेजारच्या गावचा.

त्याला 'तू काश्मिरी का?' विचारलं की चिडायचा. 'पाकिस्तानी का?' विचारलं की हसायचा. 'बाल्टी' म्हणायचा आणि विषय संपवायचा.

माईणमुळा (सोम, रात्री ९.१०)

पुरुष मंडळींनी करार आणि मेगावॅट करून घेतलं, आता जरा खायचं बोलू.

जर्दाळू हे तिथलं फक्त फळ नाही. ओला खातात, छपरावर वाळवतात, बी फोडून आतला गर खातात, गराचं तेल काढतात, आणि उरलेली टरफलं चुलीत. आपल्या नारळासारखं, काही वाया नाही. सोबत चेरी, अक्रोड, आणि हमरस्ता झाल्यापासून बटाटा. उंचावर रोग कमी म्हणून तिथलं बटाट्याचं बियाणं खाली पंजाबात जातं. सिंधूच्या वाळूत सोनं धुणारे सोनेवालही आहेत, पिढ्यान् पिढ्या नदीकाठी तंबूत राहणारे.

ते 'हुंझाचे लोक १२० वर्षं जगतात, जर्दाळूच्या बिया खातात म्हणून' हे फॉरवर्ड कृपया आता थांबवा. त्या काळात तिथं जन्माच्या नोंदीच नव्हत्या, वय सांगायचं ते मानाने. आणि कडू बियांत सायनाइड तयार होतं, उगाच मूठभर खाऊ नका.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हिमनदीच्या लग्नाची. बाल्टी लोक काळसर, दगडमातीने भरलेल्या हिमनदीला नर मानतात आणि पांढऱ्या-निळ्याला मादी. दोन्हींचे तुकडे पाठीवर वाहून वर सावलीच्या घळीत नेतात, कोळसा-भुसा घालून पुरतात, म्हणजे तिथं नवी हिमनदी धरते. वाटेत खाली ठेवायचे नाहीत. हसू नका, यावर अभ्यासकही काम करतात.

आणि बचतगटवाल्यांसाठी: १९८२ मध्ये शोएब सुलतान खान यांनी गिलगिटला आगा खान ग्रामीण मदत कार्यक्रम सुरू केला. गावाने सभा घ्यायची, प्रत्येकाने थोडी बचत करायची, मग पाट किंवा रस्ता कुठला ते गावानेच ठरवायचं. पाट झाला की नवी जमीन भिजते. पुढे हेच गृहस्थ संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी आंध्रात आले, तिथल्या महिला गटांना ते वळण मिळालं, आणि त्या अनुभवावर देशभरचं अभियान उभं राहिलं. मी आमच्या तालुक्यात 'उमेद'मध्ये काम करते. आमच्या रजिस्टरच्या आज्यापणज्या गिलगिटच्या निघतील हे वाटलं नव्हतं.

सह्यकडा (सोम, रात्री ९.५५)

माईणमुळाताई, +१. रस्त्याचं मात्र राहिलं. काराकोरम महामार्ग पाकिस्तान आणि चीनने मिळून बांधला, १९७९ मध्ये पुरा झाला. सुमारे हजार माणसं मेली. चिनी मजुरांची दफनभूमी गिलगिटजवळ दन्योरला आहे. त्याआधी दोन मार्च १९६३ ला पाकिस्तानने उत्तरेकडच्या शक्सगाम खोऱ्याचा पाच हजारांवर चौरस किलोमीटरचा भाग चीनकडे गेल्याचं मान्य केलं. गंमत म्हणजे त्या करारातच लिहिलंय की काश्मीरचा निकाल लागल्यावर जे सार्वभौम सरकार असेल त्याच्याशी चीन पुन्हा बोलणी करेल. म्हणजे देणाऱ्यालाही माहीत होतं की सातबारा आपल्या नावावर नाही.

४ जानेवारी २०१० ला अत्ताबादला डोंगर कोसळला, वीस माणसं गेली, हुंझा नदी तुंबून तलाव झाला आणि महामार्ग वीसेक किलोमीटर बुडाला. पाच वर्षं ट्रकमधला माल नावेतून नेत होते. २०१५ मध्ये बोगदे झाले. आता त्याच तलावावर जेट-स्की फिरतात, नीळ घातल्यासारखं पाणी. भरपाई मागणाऱ्यांवर मात्र ऑगस्ट २०११ मध्ये अलियाबादला गोळीबार झाला, बाप-लेक ठार झाले. आणि आंदोलनाचा नेता बाबा जान दहशतवादविरोधी कायद्याखाली जन्मठेपेत. तो आणि साथीदार सुटले २०२० च्या नोव्हेंबरात, हुंझाच्या लोकांनी रस्त्यावर ठाण मांडल्यावर.

निमतानदार (मंगळ, सकाळी ७.२०)

सकाळीच सगळे प्रतिसाद वाचले. शारजाकर, तुमच्या फोरमनचं वाक्य वहीत उतरवून ठेवलं.

आता जमिनीचं, कारण त्याशिवाय मला चैन पडत नाही. तिथल्या आंदोलनांत एक शब्द सतत येतो: 'खालसा सरकार'. मला आधी वाटलं शिखांचं काही असेल. तसं आहेही आणि नाहीही. शीख-डोगरा काळापासून पडीक, डोंगरउताराची, कुणाच्या नावावर न लागलेली जमीन सरकारची, ती 'खालसा'. शब्द आपलाच! इनाम गाव, दुमाला गाव आणि खालसा गाव. संस्थान खालसा झालं म्हणतो तो खालसा. आमच्या खात्यातल्या जुन्या वह्यांत पानोपानी आहे.

आता बघा. जिथं शंभरातली एकदोन जमीनच लागवडीची, तिथं उरलेली सगळी 'खालसा' धरली की गावाचं चराऊ रान, जळणाचा उतार, उद्याचा पाट जिथं जायचा ती जागा, सगळं सरकारी. एरवी तिकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. हमरस्ता रुंद झाला, हॉटेलं आली, विमानतळाला नि छावणीला जागा लागली, आणि त्या मुरमाला भाव आला. गावकरी म्हणतात, पाणी आमचं, पाट आमच्या आज्याने खणला, रान आमचं. मामलेदार म्हणतो, नोंद दाखवा. नोंद कुठून येणार? बऱ्याच भागाची रीतसर जमाबंदीच झालेली नाही. मे २०२५ मध्ये विधानसभेने जमीन सुधारणा कायदा केला. सरकार म्हणतं, खालसा संपलं, जमीन लोकांची. विरोधक आणि अ‍ॅक्शन कमिटीचा त्यावर विश्वास नाही.

दुसरी गोष्ट. बाहेरच्याने जमीन घेऊ नये हा महाराजाचा १९२७ चा नियम. आपल्याकडे तोच ३५-अ म्हणून २०१९ पर्यंत टिकला. तिकडे १९७० च्या दशकातच गेला. २०१९ मध्ये पाकिस्तानने श्रीनगरच्या नावाने आरडाओरडा केला तेव्हा गिलगिटमध्ये लोकांनी विचारलं, आणि आमचा?

अबोली (मंगळ, सकाळी १०.४०)

काका, कारगिल-स्कर्दू रस्ता उघडण्याची मागणी आहे ना? त्याचं काय झालं?

पावशेर (मंगळ, सकाळी ११.०५)

मागणी दोन्हीकडे आहे. अंतर सुमारे १३० किलोमीटर, १९४८ पासून बंद. श्रीनगर-मुझफ्फराबाद बस २००५ मध्ये सुरू झाली, पुंछचा रस्ता २००६ मध्ये उघडला, इथं काहीच नाही. आज भेटायला जायचं तर व्हिसा काढून वाघ्यावरून वळसा, आणि आता तोही बंद. काही कुटुंबं इराण-इराकमध्ये जियारतीला (तीर्थयात्रेला) जाऊन एकमेकांना भेटतात.

दौत_टाक (मंगळ, रात्री ९.३०)

निमतानदार काका, व्यनितला फोटो वाचला. आजोबा हैदराबादच्या निजामी कोर्टात नाझर होते, त्यांच्यामुळे शिकस्ता थोडंफार लागतं. तुमच्या परवानगीने इथंच लिहिते. नावं गाळली आहेत.

मथळा तुम्ही म्हणता तसाच. मग मौजा, खातेदार, वाफ्याचं माप, सारा. त्याखाली पाण्याची पाळी, आठवड्यातून एक रात्र, आणि शेवटच्या रकान्यात झाडं: 'दरख्त खुबानी, दो'. समोर लिहिलंय की जमीन एकाची असली तरी एक झाड थोरल्या भावाचं आणि एक धाकट्याचं, फळं ज्याची त्याने काढावीत. तारखेची जागा घडीत फाटलीय.

निमतानदार (बुध, सकाळी ८.१५)

दौत_टाक, शतशः आभार. काल रात्रीच फोन केला. आजोबांच्या नातीने उचलला, मग ते आले. वाचून दाखवलं. थोरला म्हणजे त्यांचा बाप. धाकटा चुलता, तो फाळणीनंतर आता सीमेपलीकडे असलेल्या खपलूला घरजावई गेला, त्याची मुलं आता स्कर्दूला असतात.

मी विचारलं, धाकट्याचं झाड अजून आहे का? म्हणाले, कधीच वाळून पडलं. लाकूड चांगलं निघालं म्हणून त्याचा उंबरा केला, तुमच्या खोलीचा. ज्याला तुम्ही ठेचकाळलात, तोच.